चालत्या आज्ञावलीतील चलाचे मूल्य : एका तंत्राचा उगम व ‘पाथफाइंडर’चा प्रसंग

संगणकाची आज्ञावली चालू असता तिला मध्येच थांबवावे, तिच्यातील एखाद्या चलाचे मूल्य पाहावे, ते इच्छेप्रमाणे बदलावे आणि मग तिला पुढे चालू द्यावे, ही सोय आज नवशिक्या विद्यार्थ्यासही इतकी सहज लाभते की, तिला काही इतिहास असेल अशी कल्पनाही त्याच्या मनात येत नाही. वस्तुतः पाहणे आणि बदलणे या दोन निराळ्या क्रिया असून त्यांचा उदय एकाच वेळी झालेला नाही. पहिलीस प्रतिष्ठा लवकर मिळाली. दुसरीस ती मिळण्यास यंत्राजवळ बसण्याची रीतच पालटावी लागली.

केंब्रिज येथील ‘एडसॅक’ हा संगणक मे १९४९ मध्ये प्रथम चालला. त्यावरील चुका शोधण्याच्या पद्धतींचे पहिले शास्त्रीय विवेचन स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात केले. आज्ञावली बंद पडल्यावर स्मृतीतील मजकूर छापून घ्यावयाचा, किंवा एका तपासनीस आज्ञावलीकडून मूळ आज्ञावलीची एकेक आज्ञा पार पाडून घेऊन तिचा माग कागदावर उतरवावयाचा, असे त्यांचे मार्ग होते. एडसॅकला एकेक पाऊल चालविण्याची कळ होती व स्मृतीतील आकडे दाखविणाऱ्या नलिकाही होत्या. परंतु त्यांत डोकावत बसणे हा यंत्राच्या मोलाच्या वेळेचा अपव्यय मानला जाई. मॉरिस विल्क्स यांच्या प्रयोगशाळेची शिस्त अशी की, पुरावा कागदावर घ्यावा आणि विचार यंत्रापासून दूर बसून करावा. या शिस्तीत चालत्या आज्ञावलीचे मूल्य हाताने बदलण्यास जागाच नव्हती.

ती जागा अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये निर्माण झाली. लिंकन प्रयोगशाळेत बांधलेला ‘टीएक्स-शून्य’ हा संगणक १९५८ मध्ये त्या संस्थेच्या आवारात आला. येथे कार्यकर्ता वेळ नोंदवून स्वतः यंत्रासमोर बसे. त्या अवधीपुरते यंत्र त्याचे एकट्याचे असे. टॉमस स्टॉकहॅम व जॅक डेनिस यांनी १९६० मध्ये या यंत्रासाठी ‘फ्लिट’ नावाची साहाय्यक आज्ञावली सिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की, स्मृतीतील स्थानाचा निर्देश आकड्याने न करता, आज्ञावली लिहिताना वापरलेल्या नावानेच तो करता येई. नाव आणि स्थान यांचा कोश पूर्वी जुळणी संपताच निरुपयोगी होई. तो आता आज्ञावली चालू असतानाही जवळ बाळगला जाऊ लागला. खरे स्थित्यंतर हेच होय. ज्याला नावाने हाक मारता येते, त्याला नावाने आज्ञाही करता येते.

अॅलन कोटॉक यांनी १९६१ मध्ये ‘पीडीपी-एक’ या यंत्रासाठी केलेल्या ‘डीडीटी’मध्ये ही रीत स्थिर झाली. टंकयंत्रावर स्थानाचे नाव लिहून तिरपी रेघ मारावयाची. यंत्र तेथील मूल्य छापून देई. त्यापुढे नवे मूल्य लिहून ओळ बदलली की जुन्याच्या जागी नवे बसे. संभाषणाची ही घडण विलक्षण काटकसरीची आहे : प्रश्न, उत्तर आणि दुरुस्ती एकाच ओळीत. नामकरणाचा विनोदही पाहण्याजोगा आहे. चुकीला ‘किडा’ म्हणण्याचा अभियंत्यांचा प्रघात जुना; त्याला अनुसरून ‘फ्लिट’ व ‘डीडीटी’ या दोन्ही संक्षेपांनी कीटकनाशकांची नावे घेतली. १९५३ मध्ये सुरू झालेल्या हिवताप-नियंत्रण मोहिमेतील फवारणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या श्लेषाचे स्पष्टीकरण नको.

पुढे उच्चस्तरीय भाषांचे अनुवादक आज्ञावलीला सुटसुटीत करण्यासाठी तिचा क्रमच बदलू लागले, तेव्हा नाव आणि स्थान यांचा हा सरळ संबंध डळमळला. जॉन हेनेसी यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की, अशा आज्ञावलीत एखाद्या क्षणी चलाचे दिसणारे मूल्य मूळ लेखनाप्रमाणे त्या ठिकाणी अपेक्षित असलेले मूल्य नसूही शकते. रिचर्ड स्टॉलमन यांच्या १९८६ च्या ‘जीडीबी’त वेगळीच अडचण आहे : मूल्य बसविण्याची आज्ञा व दोषशोधकाची स्वतःची मांडणी ठरविण्याची आज्ञा यांचा आरंभीचा शब्द एकच, म्हणून चलाचे नाव आणि मांडणीचे नाव सारखे पडल्यास ‘हे चल आहे’ असे स्पष्ट सांगावे लागते.

या तंत्राची सर्वांत प्रसिद्ध कथा मात्र मंगळावरची आहे, आणि तिची परीक्षा करणे अगत्याचे आहे. ‘मार्स पाथफाइंडर’ हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनमधून आपोआप पुनरारंभ करू लागला. कारण असे : हवामानाची माहिती जमविणाऱ्या कनिष्ठ प्राधान्याच्या कार्याने एक कुलूप घेतलेले असे, मध्यम प्राधान्याची कार्ये त्याला पुढे सरकू देत नसत, आणि त्याच कुलपासाठी माहिती-वितरणाचे श्रेष्ठ प्राधान्याचे कार्य खोळंबून राही. ठरल्या वेळी ते पुरे न झालेले पाहून देखरेख करणारे कार्य यंत्रणा पुन्हा सुरू करी. कुलूप धरणाऱ्यास तेवढ्यापुरते श्रेष्ठ प्राधान्य देण्याची तरतूद उपलब्ध होती. पण ती ठरविणाऱ्या सार्वत्रिक चलात ‘नाही’ हे मूल्य होते.

यावर रूढ झालेली कथा डिसेंबर १९९७ मधील आहे. कार्यकारी प्रणाली पुरविणाऱ्या कंपनीचे डेव्हिड विल्नर यांनी एका परिषदेत भाषण केले. माइक जोन्स यांनी त्याचा वृत्तान्त प्रसृत केला. यानावर आज्ञा जागच्या जागी पार पाडणारा दुभाषी शिल्लक ठेवलेला होता, पृथ्वीवरून एक छोटी आज्ञावली पाठविण्यात आली आणि तिने चलांची मूल्ये ‘नाही’ची ‘होय’ केली, असे त्यात म्हटले आहे. कथा मोहक आहे. कोटॉक यांच्या टंकयंत्रावरील ती एक ओळ कोट्यवधी किलोमीटर लांब झाली, असेच ती वाचून वाटते.

परंतु यानाच्या आज्ञावलीचे प्रमुख ग्लेन रीव्ज यांनी त्याच महिन्यात लिहिलेला खुलासा निराळा आहे. दुभाषी यानावर वापरण्याजोगा होता, पण दुरुस्तीसाठी तो वापरला गेला नाही. यानावरील प्रत आणि पृथ्वीवरील सुधारित प्रत यांतील फरक तेवढा पाठविण्यात आला व यानावरील खास आज्ञावलीने अनेक पडताळण्या करून तो मूळ प्रतीत बसविला.

दोहोंपैकी रीव्ज यांचे म्हणणे ग्राह्य धरावयास हवे, आणि ते केवळ ते प्रत्यक्ष कर्ते होते म्हणून नव्हे. त्यांनीच नमूद केल्याप्रमाणे, त्या चलाचे मूल्य कुलूप निर्माण होतेवेळी वाचले जाते. बदल केल्यानंतर निर्माण होणाऱ्या कुलपांनाच तो लागू पडतो. म्हणजे चालू आज्ञावलीत ते मूल्य बदलूनही आधीच तयार असलेले सदोष कुलूप जसेच्या तसे राहिले असते. ते नव्याने निर्माण व्हावे म्हणून यंत्रणा पुन्हा सुरू करावी, तर चालू स्मृतीतील बदल त्यातच पुसला जाणार. तेव्हा नवे मूल्य साठविलेल्या प्रतीतच असणे क्रमप्राप्त होते. शिवाय ते चल एका कुलपाचे नसून त्या प्रकारच्या सर्व कुलपांचे होते. ‘होय’ म्हटल्याने इतर कार्यांवर काय परिणाम होईल, हा प्रश्न अभियंत्यांना आधी सोडवावा लागला. प्रचलित कथेत नेमका हाच भाग गळून पडतो.