वारं, रक्त आणि गळलेलं एक अक्षर

अर्धांगवायू झाला की आमच्या वळमधली जुनी माणसं म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." या दुखण्याच्या नावातच 'वायू' आहे आणि आयुर्वेदानेही पक्षाघात वाताच्या विकारांतच बसवला. वाऱ्याला जाब विचारता येत नाही, ही त्यातली सोय. गोडाऊनमध्ये स्कॅनर घेऊन फिरणारी माझ्या वयाची पोरं आता वाऱ्याचं नाव घेत नाहीत. ती म्हणतात, "आमच्या घराण्यातच आहे रे." सोय तीच, कारण घराण्यालाही जाब विचारता येत नाही.

पण हे वाक्य निम्मं खरं आहे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून लोकांच्या तब्येतीची पिढ्यान् पिढ्या नोंद ठेवली जाते. आई किंवा वडिलांना पासष्टीच्या आत स्ट्रोक आला असेल, तर मुलांचा धोका सुमारे तिप्पट असतो, असं या नोंदींतून २०१० मध्ये समोर आलं. म्हणजे काहीतरी खाली उतरतं. ते काय, याच्या शोधाचा एक धागा थेट परळपर्यंत येतो.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक चमत्कारिक रक्त सापडलं. ते ए नव्हतं, बी नव्हतं, आणि ओ म्हणावं तर ओ गटाच्या रक्ताशीही त्याचं जमेना, गुठळ्या व्हायच्या. लंडनच्या तज्ज्ञांसोबत त्यांनी ही नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. तोच हा 'बॉम्बे ब्लड ग्रुप'.

भानगड समजायला गोडाऊनमधलं पार्सल डोळ्यांसमोर आणा. समजा, प्रत्येक पार्सलवर आधी एक कोरं लेबल लागतं आणि त्यावर ए किंवा बीचा शिक्का बसतो. कोरं लेबल म्हणजे एच नावाची साखर. ओ गटात लेबल असतं, शिक्का नसतो. बॉम्बे गटात लेबलच नसतं, मग शिक्का बसणार कशावर?

१९९० मध्ये जपानी शास्त्रज्ञ फुमिइचिरो यामामोतो यांच्या गटाने शिक्का मारणारं जनुक वाचलं. बहुतेक ओ गटवाल्यांच्या जनुकात एकच अक्षर गळालेलं निघालं. एक अक्षर गेलं की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि शिक्का मारणारं यंत्र तयारच होत नाही. कोडमध्ये एक कंस राहिला म्हणून अख्खा प्रोग्राम पडताना ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं समजवायला नको. फरक एवढाच की इथे प्रोग्राम पडूनही माणूस ठणठणीत असतो. उलट थोडा फायद्यात असतो.

तो कसा? हे शिक्के फक्त लाल पेशींवर नसतात. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाच्या प्रथिनावरही ते असतात. शिक्का नसेल तर हे प्रथिन रक्तातून लवकर निघून जातं. त्यामुळे ओ गटवाल्यांत ते इतरांपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी भरतं. गुठळीची शक्यता कमी, म्हणजे मेंदूची नस तुंबण्याची शक्यताही किंचित कमी. २०२२ मध्ये साठीच्या आत स्ट्रोक आलेले सुमारे १७,००० रुग्ण आणि जवळपास ६ लाख निरोगी माणसं यांची तुलना झाली. ए गटाच्या मुख्य प्रकारात धोका १६ टक्क्यांनी जास्त निघाला, ओ गटात १२ टक्क्यांनी कमी.

हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर 'ए ग्रुपवाल्यांनो सावधान' होऊन फिरतो, तेव्हा हसू येतं. शंभरांतल्या सोळांना स्ट्रोक येतो, असा त्याचा अर्थ नाही. तरुणांत मुळातच कमी असलेला धोका आणखी थोडा वाढतो, इतकंच. त्यासाठी वेगळी तपासणी करायची गरज नाही, असं ते संशोधकच सांगतात.

सगळीच जनुकं अशी हळू आवाजात बोलत नाहीत. त्याच १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल आढळला. विदर्भ आणि नंदुरबारच्या अनेक घरांना तो चांगला ओळखीचा आहे. कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी मेंदूच्या नसा खराब करतात आणि शाळकरी पोराला स्ट्रोक येतो. अशा मुलांवरच्या एका अमेरिकी चाचणीचा निकाल १९९८ मध्ये आला. मेंदूतल्या रक्ताचा वेग सोनोग्राफीने मोजून जास्त धोक्याची मुलं निवडली होती. त्यांतल्या ६३ मुलांना नियमित रक्त दिलं, ६७ जणांवर नेहमीचेच उपचार झाले. पहिल्या गटात एकाला स्ट्रोक आला, दुसऱ्यात अकरा जणांना. फरक इतका उघड होता की चाचणी वेळेआधीच थांबवली. इथे 'घराण्यात आहे' हे वेळेत कळलं, तर एका पोराचा हातपाय वाचतो.

आपल्यासारख्या बहुतेकांच्या घरात मात्र खाली उतरतं ते फार साधं असतं. ३२ देशांतल्या इंटरस्ट्रोक अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवलं की बदलता येण्याजोगी दहा कारणं मिळून स्ट्रोकचा सुमारे ९० टक्के भार उचलतात. त्यात पहिला नंबर बीपीचा, जवळपास निम्मा वाटा त्याचाच. स्ट्रोकशी जोडलेली बरीच जनुकंसुद्धा बीपीच्याच वाटेने काम करतात. वडिलांकडून येतो तो अनेकदा स्ट्रोक नसून बीपी असतो आणि तो मोजायला दंडाला पट्टा गुंडाळून दोन मिनिटं बसावं लागतं. रात्रपाळी करून बिडी ओढत "आमच्या घराण्यातच आहे" म्हणणाऱ्या पंचविशीतल्या कितीजणांनी तो पट्टा एकदा तरी बांधलाय, हे विचारून बघा.

राहता राहिला भेंड्यांचा गट. कोरं लेबलच नसलेल्या या माणसांत ते गोठवणारं प्रथिन ओ गटवाल्यांपेक्षाही कमी असतं, हे २००५ मध्ये मोजलं गेलं. त्यांची अडचण मात्र वेगळीच. साध्या तपासणीत त्यांचं रक्त ओ म्हणूनच दिसतं आणि कार्डावरही ओ छापलं जातं. हायवेवर अपघात झाला आणि कार्ड बघून ओ गटाची बाटली थेट लावली, तर शरीर त्या रक्ताच्या पेशी फोडायला लागतं. अशा माणसाला चालतं ते फक्त दुसऱ्या बॉम्बे गटवाल्याचंच रक्त. म्हणून रक्तपेढ्यांकडे त्यांच्या नावांच्या आणि फोन नंबरांच्या वेगळ्या याद्या असतात आणि रात्री दोनला फोन वाजला तरी त्यातलं कुणीतरी उठून गाडीला किक मारतं.