युरोपातील नदीपर्यटन : जलपातळी आणि वेळापत्रक यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

ऱ्हाइन व डॅन्यूब या नद्यांवरील प्रवासी जहाजांच्या सहली आज तारीखवार आखल्या जातात. कोणत्या दिवशी कोणत्या शहरी मुक्काम, हे कित्येक महिने आधी जाहीर होते. नदीचे पाणी मात्र पर्जन्यावर आणि आल्प्समधील हिमावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा ऐतिहासिक आढावा घेऊन, वेळापत्रकाच्या निश्चिततेची किंमत कोणी मोजावी, या प्रश्नाचा विचार केला आहे.

वेळापत्रकाचा उदय :

वाफेचे यंत्र येण्यापूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नौका काठावरून घोड्यांकरवी ओढल्या जात. शिवाय वाटेत ठिकठिकाणी जकात द्यावी लागे. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने ऱ्हाइनवरील जलवाहतुकीसाठी मध्यवर्ती आयोगाची तरतूद केली. १८२७ मध्ये कोलोन ते माइंत्स अशी वाफेच्या जहाजांची नियमित सेवा सुरू झाली, तर १८६८ च्या मानहाइम कराराने मुक्त जलवाहतुकीचे तत्त्व दृढ केले. यंत्र आणि कायदा यांच्या संयोगातून नदीवरील वेळापत्रक शक्य झाले.

याच काळात नदीचे पात्रही बदलले. योहान गोटफ्रीड टुला या अभियंत्याच्या योजनेनुसार १८१७ ते १८७६ या काळात वरच्या ऱ्हाइनची वळणे तोडण्यात आली व नदी सुमारे ८० कि.मी. ने आखूड झाली. पूरनियंत्रण व शेतजमीन हा मूळ हेतू होता. पुढे जलवाहतुकीच्या सुधारणा याच पायावर झाल्या. परंतु वेगवान प्रवाहाने तळ खोल कोरला आणि पूर सामावून घेणारी पाणथळ क्षेत्रे घटली. म्हणजेच अनिश्चितता नाहीशी झाली नाही, तिचे स्वरूप बदलले.

उथळ पाणी आणि महापूर :

मध्य ऱ्हाइनवरील काउब येथील जलमापन केंद्र या संदर्भात महत्त्वाचे ठरते. तेथील शून्य अंक म्हणजे नदीचा तळ नव्हे. जलमार्गाची प्रत्यक्ष खोली नोंदीपेक्षा मीटरभराहून अधिक असते. तरीही ऑक्टोबर २०१८ मध्ये ही नोंद २५ सें.मी. या नीचांकापर्यंत उतरली, तेव्हा जलवाहतूक गंभीररीत्या विस्कळीत झाली. येथे नियमांतील एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. पाणी ठरावीक उच्च चिन्हावर गेले की वाहतूक अधिकृतपणे बंद होते. पाणी कमी असताना मात्र ऱ्हाइनवर अशी सरसकट बंदी नसते, जहाज न्यावे की नाही याचा निर्णय कप्तानावर सोपविलेला असतो. पुरात अडचण पुलांचीही असते, कारण पाणी चढले की पुलाखालील मोकळी जागा घटते. म्हणूनच या जहाजांची बांधणी ठेंगणी असते आणि अनेकांची चालककक्षाची खोली खाली उतरवता येते.

१९९२ मध्ये १७१ कि.मी. लांबीचा माइन-डॅन्यूब कालवा पूर्ण झाला. उत्तर समुद्र ते काळा समुद्र हा जलमार्ग जोडला गेला आणि ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट अशी सहल सुकर झाली. मात्र यामुळे संपूर्ण वेळापत्रक मार्गातील सर्वांत दुबळ्या टप्प्याच्या अधीन झाले. जून २०१३ मध्ये पासाउ येथे डॅन्यूबची पातळी १२.८९ मीटरपर्यंत पोहोचली, तेव्हा सहली रद्द कराव्या लागल्या वा मार्ग बदलावे लागले. अशा वेळी प्रवाशांना बसने पुढे नेऊन अडथळ्यापलीकडील दुसऱ्या जहाजावर चढविण्याचा तोडगाही काढला जातो.

नदी की वेळापत्रक? :

श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे ७० कि.मी. चा टप्पा बव्हेरियातील मुक्तप्रवाही डॅन्यूबचा दुर्मीळ अवशेष आहे. येथे बंधारा व जलपाश बांधून खोली वाढवावी, असा जलवाहतुकीच्या समर्थकांचा आग्रह होता. पर्यावरणवाद्यांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. अखेर २०१३ मध्ये बव्हेरिया शासनाने बंधाऱ्याविना सुधारणेचा पर्याय स्वीकारला. टुलाच्या शतकात नदीने माणसाच्या गरजेप्रमाणे वळावे, हे गृहीत होते. येथे त्या गृहीतकालाच मर्यादा घातली गेली.

समारोप :

सारांश, नदीपर्यटनाचे वेळापत्रक ही निसर्गदत्त सोय नसून दोन शतकांच्या यंत्र, कायदा व अभियांत्रिकी यांची निर्मिती होय. उथळ पाण्यामुळे रद्द झालेली सहल हे पर्यटकाचे नुकसान खरेच. परंतु ते टाळण्यासाठी प्रत्येक मुक्त प्रवाह बांधून काढणे, हे अधिक मोठे व भरून न येणारे नुकसान ठरेल. म्हणून वेळापत्रकानेच नदीसाठी काही जागा मोकळी ठेवणे इष्ट होय.