पुरणयंत्राची हकीकत

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी काही लिहावे असा मंडळातील मैत्रिणींनी आग्रह केला. मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. इतिहास म्हटला की आपल्या जुन्या शहरातल्या माणसाला असदगड आठवतो, लढाया आठवतात. परंतु फडताळातल्या भांड्यांनाही इतिहास असतो आणि तो सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून मी पुरणयंत्राची हकीकत लिहिण्याचे ठरविले. परदेशातली माहिती माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने वाचून सांगितली. घरची माहिती माझी स्वतःची आहे.

पुरणयंत्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. खाली भोकांची जाळी, तिच्यावर तिरपे पाते आणि ते फिरविण्यास वर दांडा. दांडा फिरविला की पाते शिजलेली डाळ जाळीवर दाबते व पुरण खाली पडते. पूर्वी हेच काम पाट्यावर होत असे. सासूबाई सांगत की, होळीच्या दिवशी साऱ्या घराचे पुरण वाटता वाटता दोघी जावांचे खांदे भरून येत.

आता मिक्सर आला, तरी पुरणयंत्राची गरज संपलेली नाही. मिक्सर साल-बियांसह सगळेच एकजीव करून टाकतो. पुरणयंत्र मात्र निवड करते. गर खाली उतरतो. साल, बी आणि रेषा वर राहतात. म्हणून आमच्या घरी ते सणापेक्षा इतर दिवशीच अधिक चालते. परसातल्या टमाट्यांचा रस, शिवरात्रीच्या सुमारास कवठाचा गर, चिंचेचा कोळ, उन्हाळ्यात रेषाळ रायवळ आंब्याचा रस, हे सर्व त्यातूनच निघते. संत्र्याला मात्र ते लावू नये. बिया चिरडल्या की रस कडू होतो.

टमाटा हे मूळचे आपल्याकडचे फळ नव्हे. ते अमेरिका खंडातले. मेक्सिकोतील जुने लोक त्याला टोमाटल म्हणत, त्यावरूनच टोमॅटो हे नाव पडले. आपल्या देशात ते पोर्तुगीजांच्या मार्फत आले असे मानतात. परंतु स्वयंपाकघरात शिरावयास त्याला फार काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही टमाटे मुख्यतः साहेबलोकांच्या जेवणासाठी लावीत. आज आपल्या वऱ्हाडात भाकरीबरोबर भेदराची चटणी नाही असे घर सापडणे कठीण!

अडचण अशी की, टमाटे येतात ते एकदम येतात. पौष-माघात बाजारात रास पडते, भाव उतरतो, आणि कधी कधी तोडणीची मजुरीही निघत नाही म्हणून शेतकरी माल बांधावर टाकून देतो. चार महिन्यांनी तेच टमाटे आपण चढ्या भावाने आणतो. तेव्हा गर काढावा कसा आणि काढलेला टिकवावा कसा, असे दोन प्रश्न उभे राहतात.

त्यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी सापडले. फ्रान्सच्या सरकारला सैन्यासाठी टिकाऊ अन्न हवे होते. निकोला अपेर नावाच्या एका मिठाईवाल्याने अन्न काचेच्या बाटलीत भरून, घट्ट बूच मारून, ती बाटलीच पाण्यात उकळून पाहिली. अन्न टिकले. १८१० साली त्याला १२,००० फ्रँकांचे बक्षीस मिळाले. ते का टिकते हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हते. नासविणारे सूक्ष्म जंतू उष्णतेने मरतात, हे सुमारे ५० वर्षांनी लुई पाश्चर यांनी दाखवून दिले.

गर काढण्याचे दांड्याचे यंत्र त्यानंतर बरेच उशिरा आले. फ्रान्समध्ये १९३२ साली झाँ मांतले याने भाज्या दाबून गाळण्याचे हातयंत्र काढले. बायकोने केलेल्या बटाट्याच्या लगद्यात गुठळ्या राहिल्या, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली अशी गोष्ट सांगतात. बेल्जियममध्ये असे यंत्र त्याच्याही थोडे आधी निघाले होते. मांतलेच्या यंत्राची किंमत प्रथम ३६ फ्रँक होती, तेव्हा ते खपेना. ती २० फ्रँकांवर आणली, आणि मग यंत्राचा खप भराभर वाढला. पुढे त्याची कंपनी मुलिनेक्स या नावाने जगभर गाजली. गृहिणीच्या हाताला सोय हवी असते, पण ती तिच्या पिशवीलाही परवडावी लागते, हे त्याने ओळखले.

माझे मन हलविणारी हकीकत मात्र कॅनडातील आहे. तेथे ॲडलेड हूडलेस नावाच्या बाईंचे तान्हे मूल १८८९ साली वारले. दूषित दुधामुळे ते गेले असे त्यांना समजले. स्वच्छतेचे ज्ञान असते तर मूल वाचले असते, हे शल्य उराशी धरून त्यांनी गृहशास्त्राच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. १८९७ साली त्यांच्या प्रेरणेने ओंटारिओ प्रांतातील स्टोनी क्रीक या गावी खेड्यातील बायकांचे मंडळ स्थापन झाले. १९१५ साली अशी मंडळे ब्रिटनमध्येही निघू लागली. एका आईच्या दुःखातून केवढा वृक्ष वाढला पहा!

दुसऱ्या महायुद्धात या मंडळांची परीक्षा झाली. जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनमध्ये साखरेवर रेशनिंग आले आणि बागांतील फळे वाया जाण्याची वेळ आली. मंडळांनी साखर मिळविली व गावोगाव फळे टिकविण्याची केंद्रे उघडली. डबे बंद करण्याची हाताने फिरवावयाची यंत्रे अमेरिकेतून आली. १९४० ते १९४५ या काळात त्यांनी ५,३०० टनांहून अधिक फळे वाचविली. शेजारणी-शेजारणींनी एकत्र येऊन हाताने केलेले हे काम होते.

आता आपल्याकडचे. गेल्या माघात आमच्या गल्लीतील सहाजणींनी आपापली पुरणयंत्रे एका ओसरीवर आणली. दोघी धुवत-चिरत होत्या, दोघी शिजवीत होत्या, दोघी दांडा फिरवीत होत्या. एकटीने केले तर दिवस मोडतो. सहाजणींत दुपारपर्यंत आटोपले आणि बोलण्याला विषयही पुरले नाहीत.

करावयाची रीत अशी. टमाटे चिरताच लगेच गरम करावेत. चिरून नुसते ठेवले तर रसाचा दाटपणा मोडतो आणि पाणी सुटते. मऊ झाले की यंत्रातून काढावेत. टमाट्याचा आंबटपणा जातीप्रमाणे कमी-जास्त असतो, म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीस मोठा चमचाभर लिंबाचा रस न चुकता घालावा. रस उकळता असतानाच धुऊन उकळलेल्या बाटल्यांत भरावा, झाकण लावावे आणि पाण्यात बुडवून चाळीस मिनिटे उकळावे. यंत्र पितळी असेल तर आंबट पदार्थाला वापरू नये, स्टीलचे वापरावे. ज्या बाटलीचे झाकण फुगले किंवा वास बदलला ती चव न घेता फेकून द्यावी. येथे काटकसर करू नये; हूडलेसबाईंचे मूल आठवावे.

घरी खाण्यापुरते एवढे पुरे. विकावयाचे झाल्यास नियम पाळलेच पाहिजेत. फळांच्या पदार्थांसाठी सरकारने १९५५ साली खास हुकूम काढला होता. आता २००६ चा अन्नसुरक्षा कायदा लागू आहे आणि लहान उद्योगालाही नोंदणी लागते. आपल्या गावात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील जाणकारांकडून मंडळाने एक दिवसाचे शिक्षण मागून घ्यावे, अशी माझी सूचना आहे.

अपेरचे नाव पुस्तकात आहे, मांतलेचेही आहे. दांडा फिरविणाऱ्या हजारो बायकांची नावे कोठेही नाहीत. नावासाठी आपण काम करीत नाही हे खरे. तरीही मंडळाने यंदापासून एक वही घालावी. कोणत्या दिवशी किती टमाटे आणले, किती बाटल्या झाल्या, किती टिकल्या आणि कोण कोण हजर होत्या, हे तीत लिहून ठेवावे. पुढच्या मुलींना ती उपयोगी पडेल. येत्या माघात भाव उतरला की ज्यांच्याकडे पुरणयंत्र असेल त्यांनी ते घासून-पुसून घेऊन यावे. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी दांडा फिरविण्यास यावे.