अक्रोडाचा केक आणि चार वाजताचा चहा

मागे आवाज येतोय ना? ठीक.

विषयाची पाटी वाचून आत येतानाच दोघातिघांनी मला विचारलं की इतिहासाच्या व्याख्यानमालेत केक कुठून आला. मान्य आहे, इथे लढाया आणि तह यांची सवय आहे. पण इंग्लंडमधला दुपारचा चहा आणि त्याबरोबरचा घरी केलेला अक्रोडाचा केक ही गोष्ट दिसते तितकी घरगुती नाही. "घरी केलेला" म्हणताना तो केला कोणी, एवढा एकच प्रश्न धरला तरी आजचा तास पुरायचा नाही.

सुरुवात चहापासून करू. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. बेडफर्डची डचेस ॲना, राणी व्हिक्टोरियाच्या खास परिवारातली बाई. १८४० च्या सुमारास तिला दुपारी चार-पाचला पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं, म्हणून तिने खोलीत चहा आणि काहीतरी खायला मागवायला सुरुवात केली, मग मैत्रिणींना बोलावलं आणि प्रथा पडली. गोष्ट गोड आहे, पण एका बाईच्या भुकेतून देशभराची सवय तयार होत नाही. खरं कारण जेवणाच्या वेळेत आहे. अठराव्या शतकात श्रीमंतांचं मुख्य जेवण दुपारी तीन-चारला व्हायचं. ते सरकत सरकत संध्याकाळी सात-आठवर गेलं. दुपारचं हलकं खाणं आणि रात्रीचं जेवण यांच्यात जी पोकळी झाली, तिथे हा चहा बसला. डचेसबाईंनी फार तर त्याला प्रतिष्ठा दिली.

एक गंमत सांगून पुढे जातो. आपल्याकडे कार्यक्रमपत्रिकेवर ऐटीत "हाय टी" छापतात. इंग्लंडमध्ये हाय टी म्हणजे कामगाराचं संध्याकाळचं भरपेट जेवण. कामावरून आल्यावर उंच टेबलाशी बसून, चहाबरोबर मांस, पाव, जे असेल ते. दिवाणखान्यातला नाजूक प्रकार तो आफ्टरनून टी. म्हणजे आपण पाहुण्यांना रुबाबात गिरणी कामगाराच्या जेवणाला बोलावत असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त माहीत असावं.

आता केक. जुना इंग्लिश केक म्हणजे पौंड केक. लोणी, साखर, अंडी, पीठ, सगळं समान वजनाचं. हॅना ग्लासचं पाकपुस्तक १७४७ चं आहे. त्यात हे मिश्रण हाताने किंवा मोठ्या लाकडी चमच्याने तासभर फेटायला सांगितलंय. तासभर! कारण केक फुगवायला दुसरं काही नव्हतंच. फेटून जेवढी हवा आत कोंडली जाईल तेवढीच. मग हा तासभर हात कोणाचा चालत होता? ज्या बाईच्या नावाने केक टेबलावर यायचा, तिचा खचितच नाही. खाली तळघरातल्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या मुलीचा. घरकाम हा तिकडे १९०१ च्या जनगणनेतसुद्धा बायकांचा सगळ्यात मोठा व्यवसाय होता. तेव्हा त्या काळात "घरी केलेला" याचा अर्थ "आमच्या घरच्या नोकराने केलेला" असा घ्यायचा.

हे बदललं रसायनशास्त्राने. बर्मिंगहॅमचा आल्फ्रेड बर्ड औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती आणि यीस्टही. अंड्याशिवायची कस्टर्ड पावडर त्याने तिच्यासाठी केली आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. सोडा आणि आम्ल दोन्ही कोरड्या रूपात एकत्र. ओलावा आणि उष्णता लागली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. दोनच वर्षांनी, १८४५ मध्ये, ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने आपोआप फुगणाऱ्या पिठाचं पेटंट घेतलं. तासाभराचं फेटणं काही मिनिटांवर आलं. अक्रोडाच्या केकला हे विशेष सोयीचं ठरलं. अक्रोडाचे तुकडे जड असतात, पातळ मिश्रणात तळाशी बसतात. घट्टसर मिश्रण पावडरने चटकन फुगून धरलं की ते जागच्या जागी राहतात.

आणि भट्टी? कोळशाच्या शेगडीवर बाजूचा ओव्हन असायचा, त्याचा ताव अंदाजाने ओळखायचा. गरिबांकडे तोही नसायचा. ते आपलं भांडं गल्लीतल्या बेकरकडे भाजायला द्यायचे. इथे वयस्कर मंडळी हसताहेत, मला दिसतंय. आपणही रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायला रांगेत उभे राहिलोच आहोत, आणि डब्याला नाव चिकटवूनसुद्धा दुसऱ्याचीच नानकटाई घरी आली आहे. पुढे गॅसचे ओव्हन आले, भाड्यानेही मिळू लागले आणि १९२३ मध्ये तापमान आपोआप राखणारं रेग्युलो नावाचं बटण आलं. ताव ओळखण्याचं कसब आता एका आकड्यात मावलं. मला विचाराल तर घरगुती केकच्या इतिहासात हे बटण डचेसपेक्षा महत्त्वाचं.

आता अक्रोडाकडे. इंग्रजीतल्या वॉलनट या शब्दाचा मूळ अर्थच "परक्यांचं फळ" असा आहे. झाड इराण-मध्य आशियाकडचं. आपला अक्रोड संस्कृत "अक्षोट"वरून आला. इंग्लंडमध्ये हे झाड रोमन लोकांनी नेलं असं मानतात. तिथे त्याच्या फळापेक्षा लाकडाला मोल जास्त. बंदुकीचे दस्ते अक्रोडाचे करत आणि नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात त्यासाठी झाडं भरपूर तोडली गेली. शिवाय अक्रोडात तेल फार, ते लवकर खवट होतं. म्हणून ताजा, गोड अक्रोड केकमध्ये घालणं ही थोडी चैनच होती.

साखरेकडे मात्र जरा थांबायला हवं. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ चा, अंमल १८३४ पासून. दोन कोटी पौंड भरपाई दिली गेली. कोणाला? गुलामांच्या मालकांना. उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती, म्हणून करारावर मजूर नेले, आणि त्यातला एक प्रवाह मुंबई बंदरातून मॉरिशसला गेला. त्यात रत्नागिरीकडची, कोकणातली माणसं होती. मॉरिशसमध्ये आज जे मराठी बोलणारे लोक आहेत, शाळेत मराठी शिकवलं जातं, त्याचं मूळ तिथे आहे. ती साखर इंग्लंडला जात होती. अर्थात इथे भावनेच्या भरात वाहून जायला नको: शतक संपेपर्यंत ब्रिटनमधली बरीच साखर युरोपातल्या बीटची होती. पण साखर ही रोज खायची वस्तू झाली ती उसाच्या मळ्यांवर. १८७४ मध्ये साखरेवरचं आयातशुल्क पूर्ण उठलं आणि साध्या घरातही केक परवडू लागला. चहाचंही तसंच. आसामचा पहिला चहा लंडनच्या लिलावात १८३९ मध्ये विकला गेला आणि शतकाच्या शेवटी ब्रिटिश कपात भारतीय चहा चिनीपेक्षा जास्त होता.

विसाव्या शतकात अक्रोडाचा केक म्हटलं की फुलर्सचं नाव निघायचं. चहाची दुकानं होती त्यांची. पांढऱ्या आयसिंगचा, वर अक्रोड लावलेला केक. ईव्हलिन वॉच्या १९४५ च्या "ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड" कादंबरीतही तो आहे. बायका घरी त्याची नक्कल करायच्या. म्हणजे उलटंच झालं, दुकानातला केक नमुना आणि घरचा त्याची प्रत.

आणि मग युद्ध. जानेवारी १९४० मध्ये लोणी आणि साखरेवर रेशन आलं, जुलैमध्ये चहावर. आयसिंग केलेले केक विकायला ऑगस्टपासून बंदी. हिशेब करून बघा. चार अंड्यांच्या केकला साधारण २२५ ग्रॅम लोणी आणि तेवढीच साखर लागते. रेशन माणशी आठवड्याला अंडं एक, मिळालं तर. लोणी टंचाईच्या काळात ५७ ग्रॅम. साखर २२७ ग्रॅम. म्हणजे चौघांच्या कुटुंबाने एक केक केला तर आठवड्याची सगळी अंडी, सगळं लोणी आणि एका माणसाची सगळी साखर गेली. अक्रोड तर परदेशातून यायचे, ते दुर्मीळच. लग्नात पुठ्ठ्याचा सजवलेला केक मांडायचे, आत छोटासा खरा. चहाचं रेशन १९५२ मध्ये उठलं, साखरेचं १९५३ मध्ये, लोण्याचं १९५४ मध्ये.

त्यानंतरच्या काळात घरात राहणारे नोकर मध्यमवर्गातून जवळपास गेले होते. ओव्हनला बटण होतं, पिठात पावडर होती, आणि ओट्याशी उभी होती ती घरची बाई स्वतः. आज ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्यांचा घरचा केक समजतो, तो या अर्थाने तसा अलीकडचा आहे.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: कॉफी आणि अक्रोडाच्या केकमध्ये कॉफी कुठली? बहुतेक घरांत बाटलीतली, कॅम्प कॉफी नावाचा अर्क. ग्लासगोची कंपनी, १८७६ पासून. कॉफीपेक्षा चिकोरीच जास्त, चव मात्र केकला छान येते. त्या बाटलीच्या चित्रात तंबूसमोर एक स्कॉटिश अधिकारी बसलाय आणि शेजारी एक शीख सेवक हातात तबक घेऊन उभा आहे. पुढे तबक काढलं, पण तो उभाच राहिला. २००६ च्या सुमारास चित्र पुन्हा बदललं. आता दोघंही बसलेत, आणि त्याच्याही हातात कप आहे.