तेल येण्याची बाजू

छोट्या बागायती ट्रॅक्टरला मागाहून जोडलेला हायड्रॉलिक पंप किरकिरू लागला आणि लिफ्ट धक्के खात वर जाऊ लागली, म्हणजे मालकाचा संशय प्रथम पंपावर आणि मग दाबाच्या पाइपांवर जातो. ज्या बाजूने तेल पंपात येते त्या सक्शनच्या बाजूची चौकशी सहसा कोणी करीत नाही, आणि ही उपेक्षा मला विशेष खटकते ती अशासाठी की, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा पूर्वेतिहास बव्हंशी याच बाजूभोवती घडलेला आहे.

आयर्लंडातील काउंटी डाउनमध्ये 1884 साली जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनने 1917 मध्ये तेथील सरकारी कृषिमंडळाच्या सांगण्यावरून शेतोशेती हिंडून ट्रॅक्टरांची पाहणी केली. त्या काळी नुसता मागे ओढला जाणारा नांगर खडकाला अडला, तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन तो चालकाच्या अंगावर उलटण्याचे भय असे. यावर फर्ग्युसनने जी तीन सांध्यांची जोडणी सिद्ध केली, तिच्यात नांगराची ओढ वाढताच हायड्रॉलिकने त्याची खोली आपोआप आवरावी अशी योजना होती. आणि त्यातील मर्म हे की, आवर घालणारी झडप त्याने पंपाच्या सक्शनवर बसविली, जेणेकरून दाब निर्माण करून तो वाया दवडण्याऐवजी गरजेपुरतेच तेल आत यावे आणि ते तापू नये. पंपही गिअरपेटीच्या तेलातच बुडालेला असल्यामुळे वाटेत हवा शिरण्यास फारसा वाव नव्हता.

ऑक्टोबर 1938 मध्ये डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्डबरोबर केवळ हस्तांदोलनावर, कोणताही लेखी दस्तऐवज न होता, करार ठरला आणि पुढच्याच वर्षी 9एन हा ट्रॅक्टर बाजारात आला. फोर्डच्या वारसांनी 1947 मध्ये हा संबंध तोडून त्याच घडणीचा 8एन काढला, तेव्हा फर्ग्युसनने 25 कोटी डॉलरांहून अधिक रकमेची फिर्याद गुदरली. एप्रिल 1952 मध्ये 92.5 लाख डॉलरांवर तडजोड झाली. परंतु रकमेपेक्षाही मला लक्षणीय वाटते ती तडजोडीतील अट, की ओढीनुसार आपोआप चालणारी सक्शनवरील झडप असलेले पंप फोर्डने त्या वर्षअखेरीनंतर बनवू नयेत.

पुढील वर्षीच्या फोर्ड ट्रॅक्टरावर पंप इंजिनाला जोडलेला आला. क्लच दाबताच लिफ्ट थांबण्याची जुनी अडचण त्यामुळे दूर झाली खरी, परंतु पंप तेलाबाहेर पडला आणि तेल लांबच्या पाइपातून आणणे भाग पडले. घराभोवतीच्या बागेसाठी निघालेल्या छोट्या ट्रॅक्टरांवर हौशी मालक क्रँकशाफ्टच्या टोकाला किंवा पट्ट्यावर जो पंप चढवितात, त्याची स्थिती हीच.

पंप तेल ओढतो असे आपण म्हणतो. वास्तविक उघड्या टाकीतील तेलाला त्याच्याकडे लोटणारा दाब वातावरणाचा, म्हणजे चौरस इंचाला फार तर 14.7 पौंड, तर बाहेर जाणाऱ्या तेलाचा दाब हजार पौंडांच्या घरात असतो. अर्थात अरुंद पाइप, तुंबलेली जाळी किंवा थंडीत घट्ट झालेले तेल एवढ्यानेही पंप उपाशी राहतो. शिवाय दाबाची गळती तेलाच्या डागाने आपली खबर देते, सक्शनची मात्र देत नाही. तेथे तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि टाकीत फेस दिसतो. म्हणून जाणता मिस्त्री इंजिन चालू ठेवून सक्शनच्या एकेका सांध्यावर ग्रीसचे बोट फिरवितो. ज्या सांध्यावर आवाज बदलेल तेथे चोर सापडला. रबरी पाइप बाहेरून धडधाकट असून आतले अस्तर सुटून मिटलेले असू शकते, तेव्हा तो काढून आतून पाहावा. याखेरीज पंपाच्या शाफ्टाच्या ऑइल सीलमधून तेल येत असेल, तर पंपाच्या फिरण्याची दिशा तपासावी; कारण बहुतेक गिअर पंप एकाच दिशेसाठी घडविलेले असतात, आणि इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला लावल्याने तो उलटा फिरू लागला की दाबाचे तेल थेट सीलवर येऊन नवे सीलही टिकत नाही.