आम्लाच्या टाकीतले लोखंड

बारावीच्या प्रात्यक्षिकात मोहर्स सॉल्टचे परमँगनेटने अनुमापन करताना आपण सल्फ्युरिक आम्लच वापरायला लावतो. हायड्रोक्लोरिक का चालत नाही? सांगली भागात शेताशेतांत दिसणाऱ्या जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपांशी या प्रश्नाचा संबंध आहे.

असा पाइप वितळलेल्या जस्तात बुडवण्याआधी त्यावरचा गंज बहुधा हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाकीत काढतात. टाकीत फेरस लोह साठत जाते. पाइपाला चिकटून ते जस्तापर्यंत पोचले, की लोहाचा एक अणू जस्ताचे तेरा अणू बांधून गाळात बसतो. १ ग्रॅम लोहापायी सुमारे १५ ग्रॅम जस्त अडकते. म्हणून टाकीतले लोह मोजत राहावे लागते.

परमँगनेटची रीत फ्रान्सच्या मार्गरित यांनी १८४६ मध्ये दिली. निर्देशक नको, गुलाबी छटा पुरे. मात्र लोहाचे ऑक्सिडीकरण चालू असताना परमँगनेट क्लोराइडवरही खर्ची पडते आणि लोह आहे त्याहून जास्त भरते. १८८१ मध्ये झिमरमन यांनी मँगनस सल्फेट घालून हा दोष आवरला.

आम्हाला अधिक कौतुक वाटते ते ग्लासगोच्या फ्रेडरिक पेनी यांचे. त्यांचे डायक्रोमेट (१८५०) थंड, विरल द्रावणात क्लोराइडच्या वाटेला जात नाही. पण अंत्यबिंदू डोळ्यांना दिसत नसे. थेंब काढून पांढऱ्या बशीवर पोटॅशियम फेरिसायनाइडला लावायचा, निळा रंग उमटेनासा झाला की थांबायचे. १९२४ मध्ये क्नॉप यांनी डायफिनिलअमाइन हा निर्देशक दिला, तेव्हा फ्लास्कमध्येच निळाजांभळा रंग दिसू लागला.

मोहर्स सॉल्ट हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून दोन्ही रीतींनी मोजावे. फरक विद्यार्थ्यांनाच काढू द्यावा.