ग्वाल्हेरची खेडी आणि मराठीचे बिऱ्हाड

खेड्याचे समाजचित्र हवे असेल तर शासन आपल्या हाती जनगणनेचा तक्ता ठेवते. कुटुंबे, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुले, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, शेतकरी, शेतमजूर हे सारे एका ओळीत मिळते. २०११ च्या जनगणनेतील ग्वाल्हेर जिल्ह्याच्या कोणत्याही गावाची ओळ काढून पाहावी. गाव कसे आहे ते बरेचसे उमगेल. ते कोणती भाषा बोलते ते मात्र उमगणार नाही, कारण गावनिहाय तक्त्यात मातृभाषेचा रकानाच नाही. हा रकाना आपल्याला का हवा, हे सीमाबांधवांना सांगावयास नको.

ग्वाल्हेर हे नाव मराठी मनाला परके नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी कायमची छावणी घातली. तीच पुढे लष्कर या नावाची राजधानी झाली. शितोळे, फाळके, आंग्रे अशा सरदारांचे वाडे तेथे उठले, मोडीत दप्तरे लिहिली गेली. याच संस्थानातील मुंगावली येथे १८७३ साली भास्कर रामचंद्र तांबे जन्मले आणि ग्वाल्हेरचे राजकवी म्हणून १९४१ साली तेथेच निवर्तले. दीडशे वर्षांहून अधिक काळ मराठी राजसत्ता नांदली, तर मराठी तेथे घट्ट रुजली असेल, असे कुणालाही वाटेल.

पण लष्कराची वेस ओलांडून खेड्यांकडे वळावे. तानसेनाचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे बेहट घ्या किंवा डबरा-भितरवारकडील गावे घ्या. तेथे गुर्जर, जाटव, कुशवाह, बघेल, ब्राह्मण, ठाकूर. रानालगत सहरिया आदिवासी. बोली बुंदेली आणि ब्रज, आणि जनगणना त्या दोन्ही हिंदीच्याच खाती जमा करते (हा आणखी एक वेगळाच अन्याय). मराठी माणूस या मुलखात सरदार, कारकून, शिपाई, गवई म्हणून आला, नांगर धरावयास क्वचितच आला. जहागिरीचा वसूल लष्करच्या वाड्यात जाई. शेत कसणारा मात्र तिथलाच होता. मराठीचे बिऱ्हाड शहरात राहिले. २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या २०,३२,०३६ होती आणि तीत निम्म्याहून अधिक लोक शहरवासी होते, तरीही राज्यकारभारात मराठीचा हक्क सांगावा असे तिचे बळ उरले नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत विसर्जित होऊन ग्वाल्हेर मध्य प्रदेशात गेले. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात घातले गेले. ग्वाल्हेरात त्या दिवशी भाषेसाठी कुणी काळा दिवस पाळला नाही, आणि त्यात तेथील मराठीजनांचा दोष नाही. आपल्याकडे मराठी कुणा दरबाराने आणलेली नव्हती. ती शिवारात, गावच्या जत्रेत आणि भजनी मंडळात होती. म्हणून राज्य बदलले तरी गाव बदलले नाही.

खेडे हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता ही पाटसकर सूत्रे आंध्र-मद्रास वादात मान्य झाली होती. त्यांच्याच आधारे महाराष्ट्र ८६५ गावांवर हक्क सांगतो. २००४ पासून राज्यघटनेच्या १३१ व्या अनुच्छेदाखालील दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या दाव्याचा कणा खेडे आहे. आणि जनगणना मात्र त्या खेड्याला किती शेतमजूर, किती साक्षर, एवढेच विचारून उत्तर छापते. मातृभाषा प्रगणक घरोघर विचारतो, लिहूनही घेतो. गावाच्या ओळीत तेवढी ती उमटत नाही.